मामांनी रिजेक्ट केलेला सिनेमा

माझ्या बायकोच्या मामांना पसंत पडेल अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे. सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात त्यांनी उभी हयात घालवली आणि निवृत्त होताना खातं तेवढं तिथे ठेवून स्वभाव घरी आणला. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, मामा मापं घ्यायचा व्हर्नियर ठेवतात. आमच्या केळवणाला त्यांनी पुरणपोळीची जाडी मोजली आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे सख्ख्या बहिणीला, "कडेला माल जास्त लागलाय" असं पाहुण्यांसमोर सुनावलं. मिसळ खायला गेले की मालकाला टेबलापाशी बोलावून आजचा रस्सा कालच्यापेक्षा पातळ का, याचा खुलासा मागतात. लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले, तर नवरदेवाचा फेटा सरळ करूनच उतरतात. अशा माणसाबरोबर संसार कसा केलात, असं कुणी विचारलं की मामी हसायच्या. "मला एकदा पास केलंय ना, आता बदलून मिळत नाही म्हणावं." मामींच्या आमटीत मीठ मात्र कमीच असायचं. मामा रोज पहिल्या घासाला "मीठ कमी" म्हणायचे, मामी मिठाची वाटी पुढे सरकवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मीठ पुन्हा तेवढंच कमी पडायचं.

मामी गेल्या तेव्हा मामा रडले नाहीत. तिरडीच्या गाठी सैल आहेत म्हणून त्यांनी त्या सोडवून पुन्हा बांधायला लावल्या. लोक कुजबुजले, पण मामांनी प्रत्येक गाठ स्वतः ओढून पाहिली. मग त्यांनी मामींच्या साड्यांच्या कपाटाला कुलूप लावलं. साड्या कुणाला तरी द्यायला हव्यात, असं बायकोनं सुचवलं की म्हणायचे, "तपासणी व्हायची आहे." अशी दोन वर्षं गेली.

आणि मग तो सिनेमा आला. बायको वारलेल्या एका देखण्या माणसाला पुन्हा प्रेम सापडतं, अशी गोष्ट. मामांनी तो पाहिला, रिजेक्ट केला आणि का रिजेक्ट केला हे दाखवायला एकेका नातेवाइकाला घेऊन पुन्हा पुन्हा जाऊ लागले. माझा नंबर लागला त्या दुपारी पडद्यावर नायक डोंगरात निघाला होता आणि मामांना कंठ फुटला होता.

"जावईबापू, बायको गेल्यावर माणूस डोंगरात जातो का? महापालिकेत जातो, दाखला काढायला! आणि तिथे कळतं, आधार कार्डावर नाव चुकलंय."

"मामा, हळू."

"आता गिटार बघा. मला मिक्सरचं कुठलं झाकण कुठल्या भांड्याचं ते अजून कळेना आणि हा गिटार वाजवतोय! दहाव्याला कावळा शिवला की नाही, ते तर दाखवलंच नाही."

एवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाई मागे वळल्या. "अहो, तुमचा सिनेमा संपला असेल तर आम्हाला आमचा बघू द्या."

मध्यंतरात त्या आपणहूनच आमच्यापाशी आल्या. येवल्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, आता लेकीजवळ नाशकात राहतात. मामांना म्हणाल्या, "एवढ्या चुका काढल्यात, पण मोठी चूक राहिलीच की. तिच्या साड्यांचं त्यानं काय केलं?"

मामांच्या नजरेतून सुटलेली चूक दुसऱ्या कुणी पकडावी, हा प्रकार मी प्रथमच पाहत होतो. त्यानंतर ते कुणाही नातेवाइकाला त्या सिनेमाला नेईनात, बाईंनाच नेऊ लागले. सिनेमा थिएटरातून उतरला तेव्हा दोघं मिसळीवर आले. पण पुढचं विचारायचं धाडस मामांना होईना. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचा माल परत पाठवला, तो मला गॅलरीत नेऊन म्हणाला, "आणि त्यांनी मलाच रिजेक्ट केलं तर?" मला हसू आलं आणि त्यांची दयाही आली.

पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्याआधी गेलेल्या बायकोच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. मामांच्या घरी स्वयंपाक माझ्या बायकोकडे होता, सवाष्ण सांगायचं काम मामांकडे. बारा वाजता दार वाजलं आणि दारात बाई उभ्या. बायको मामांना स्वयंपाकघरात ओढून कुजबुजली, "मामा, आज सवाष्ण लागते. विधवेला बसवत नाहीत."

"नियम मला पाठ आहेत," मामा म्हणाले. जन्मभर नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच, समजून-उमजून, नियमाबाहेरचं काही केलं होतं.

बाई पाटावर बसल्या. बायको हळद-कुंकवाचा करंडा हातात धरून नुसतीच उभी. बाईच म्हणाल्या, "मला माहितीये आज काय असतं ते. बोलावलं म्हणून जेवायला आले, मानाचं काही नको." तेवढ्यात आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मामा मामींची मोरपिशी पैठणी घेऊन आले आणि त्यांनी ती बाईंपुढे धरली. बाईंनी पदर उजेडाकडे धरला, काठावरून बोट फिरवलं आणि घडी घातली.

"ही मी घेणार नाही."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला.

"ही त्यांची आहे. भाचीला द्या, तिचा हक्क आहे. मला द्यायची असेल तर येवल्याला चला, मी माझ्या नजरेनं निवडीन. तुमच्या नजरेतून साड्या सुटतात."

याचा अर्थ कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. मामांना लागला नाही. "एसटीनं की गाडीनं?" त्यांनी विचारलं.

दोघांनी साधं रजिस्टर लग्न केलं. पुढच्या नवमीला सवाष्ण शोधावी लागली नाही, ती घरातच होती. स्वयंपाक बाईंनी केला. मामींच्या नावाचं पान वाढलं आणि मगच त्या स्वतः पाटावर बसल्या. माझी बायको मामींची पैठणी नेसून वाढत होती. मामांनी आमटीचा पहिला घास घेतला आणि ते थांबले. आता काय ऐकावं लागतंय म्हणून आम्हीही थांबलो.

"मीठ कमी आहे," मामा म्हणाले.

"भाचीला विचारून मुद्दाम कमी घातलंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मिठाची वाटी पुढे सरकवली.

मामांनी वाटीला हात लावला नाही. त्यांनी आमटी पुन्हा मागून घेतली.