पाक कच्चा राह्यला

राळेगावात कोणाचंही लग्न असो, पाहुण्यांना द्यायचे बुंदीचे लाडू बांधायला वरच्या मोहल्ल्यातल्या एक काकूच जायच्या. बोलणं मोजकं. वळलेला प्रत्येक लाडू नाकाशी नेऊन मगच परातीत ठेवायच्या. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. आमच्या वस्तीत मात्र त्या कधी आल्या नव्हत्या; तिकडचं कोणी आमच्या घरचं पाणीही पीत नसे.

ताईच्या लग्नाच्या सकाळी आईचे लाडू हातातच फुटायला लागले. वऱ्हाड येऊन बसलं होतं. आई रडकुंडीला आली, तेवढ्यात काकू दारात उभ्या दिसल्या.

बुंदी चिमटीत दाबून त्या म्हणाल्या, "पाक कच्चा राह्यला. चूल पेटव. अन् मले पाणी दे."

आई तांब्या घेऊन थबकली. काकूंनी तो तिच्या हातातून घेतला, पाणी प्यायल्या आणि चुलीपुढं बसल्या.

रस्त्यावरून त्यांच्या जावेनं हाक मारली, "इथं कायले आल्या, बाई?"



"लाडू बांधून राह्यली," काकूंनी मान वर न करता सांगितलं.

सगळ्या पाहुण्यांना लाडू पुरले. पुढं वरच्या मोहल्ल्यातल्या एकाही लग्नाला काकूंना बोलावणं गेलं नाही. आईनं भीतभीत विषय काढला, तर म्हणाल्या, "बरं झालं. मले उसंत भेटली."