राबाचा धूर आणि काळभाताचं बी

मुलांनो, तुमच्या फोनवरच्या नकाशात भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी एक ठिपका दिसतो. तो माझ्या पडवीतल्या हवा मोजणाऱ्या यंत्राचा. तो कधी हिरवा, कधी लाल का होतो, असं तुम्ही विचारता आणि मी नंतर सांगते म्हणते. आज सकाळी शेजारीण नव्या तांदळाची पिशवी देऊन गेली, तेव्हा ठरवलं की आता लिहायलाच बसावं.

ते यंत्र संगमनेरच्या कॉलेजातल्या मुलींनी बसवलं. हवेत केसाहून कितीतरी बारीक कण असतात आणि ते थेट छातीत उतरतात. तेच ते मोजतं. माझ्याकडे वीज आणि इंटरनेट नीट चालतं, म्हणून माझं घर निवडलं.

गेल्या वर्षी वैशाखात मी डोळे दाखवायला नगरला गेले होते. परतताना राजूर सोडल्यापासून डोंगरभर धूर होता. भातरोपासाठी शेतावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाजतात. त्याला इकडे राब म्हणतात. एसटीत बसल्या बसल्या मी खोकत होते आणि तेवढ्यात तुमचा फोन आला, "आजी, तुझी हवा आज एकदम स्वच्छ!"

घरी पोचले तर यंत्र जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं, वरून सुतळी आवळलेली. घराकडे लक्ष ठेवायला शेजारणीला सांगितलं होतं.

"हे काय गं?"

"राब भाजत व्हते ना, बाई. पाव्हण्यांचं यंत्र, काजळी धरली आसती त्याला."

"अगं, तो धूर मोजायलाच ठेवलंय ते!"

ती तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "घ्या, आता मलाच मोजा."

फडकं सोडलं तसा आकडा चढत गेला. फोनवरचा लाल ठिपका ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनेच विचारलं, "न भाजता रोप येतं का वो?"

येतं, असं कृषी सहायक सांगून गेले होते. गादीवाफा, म्हणजे मातीचा उंच वाफा, करायचा, शेणखत घालायचं, बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकायचं. पण तिच्याकडचं काळभाताचं, म्हणजे इथल्या जुन्या काळ्या तुसाच्या भाताचं, बी तिच्या सासूने जपलेलं होतं आणि आसपास दुसऱ्या कुणाकडे ते उरलं नव्हतं. राब भाजला की तणाचं बी जळतं. न भाजता तणाने रोप खाल्लं, तर पुन्हा बी मागायचं कुणाकडे?

यंदा तिने अर्धं बी राबावर आणि अर्धं गादीवाफ्यात टाकलं. सासू माझ्या अंगणात येऊन म्हणाली, "बाईंच्या डब्याला धूर सोसंना, म्हनून आमी उपाशी ऱ्हायचं व्हय?"

वाफ्यातलं रोप आधी पिवळट होतं. तण तर भरभर वर आलं. शेजारीण रोज निंदायला बसे. मीही पाट घेऊन जात असे. दोनदा तणासोबत रोपच उपटलं, तेव्हा तिने मला फक्त गप्पा मारायचं काम दिलं.

लावणीच्या दिवशी सासू बांधावर आली. दोन्हीकडचं एकेक रोप उपटून मुळं धुतली, हातावर शेजारी शेजारी ठेवून पाहिली. वाफ्यातल्या रोपाची मुळंही तितकीच दाट होती. मग ती म्हणाली, "लावा दोनी."

आमची हवा अजून सुधारायची आहे. उन्हाळ्यात इतरांचे राब पेटतात, पाण्याकाठी पर्यटक शेकोट्या करतात आणि ठिपका लाल होतो. पण पुढच्या वर्षी सगळंच वाफ्यात टाकायचं, असं शेजारीण म्हणते. सासूने नाही म्हटलेलं नाही. आणखी दोन घरच्या बायका वाफा बघून गेल्या आहेत.

काळभाताचं बी शिल्लक आहे. या वर्षी निम्मं धुराशिवाय आलं, आणि दोन्हीकडचं बी सासूने एकाच कणगीत भरून ठेवलं आहे.