धुळ्याची नूतन

प्रेमराज सरांना खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या केंद्रातल्या मास्तरांना ठाऊक आहे. तपासणीला साहेब आले की बाकीचे 'उत्तम चाललंय साहेब' म्हणून मोकळे होतात. हा भला माणूस सांगतो, "साहेब, तिघांना अजून भागाकार येत नाही." साहेब वहीत शेरा मारून जातात आणि सर त्या तिघांना घेऊन पुन्हा भागाकाराला बसतात. अशा माणसाने पाच महिने एक खोटं जपलं, तेही डाव्या हाताने लिहून. आता याला काय म्हणावं?

सर राहतात जळगावला, पिंप्राळ्यात. रोज सकाळी मोटारसायकलला डबा अडकवायचा आणि गिरणेकाठच्या गावी जायचं, असा एकवीस वर्षांचा नेम. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही या गोष्टीतल्या पोरीचं घर शोधत जाल, आणि त्या घरी पाहुणा गेला की काय होतं ते पुढे कळेलच. गावात शाळा सातवीपर्यंत. सातवीचा वर्ग सरांकडे, पोरं चौदा.

जूनच्या अखेरीस वरून आदेश आला. गावच्या शाळेने शहरातल्या एका शाळेशी मैत्री करायची, मुलांनी एकमेकांना पत्रं लिहायची, फेब्रुवारीत एक दिवस भेटायला जायचं आणि फोटो ग्रुपवर टाकायचे. बाकीच्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. मतदारयाद्या झाल्या, सर्वे झाले, आता हे! प्रेमराज सर मात्र हरखून गेले. धुळ्याच्या एका शाळेशी जोडी जमली. तिथल्या सुलक्षणा मॅडमनी यादी पाठवली, इकडच्या चौदा नावांसमोर तिकडची चौदा नावं. पत्रं एकाच मोठ्या पाकिटातून जायची आणि तशीच यायची. सर वर्गात पाकीट फोडून वाटणार, असं ठरलं.

मोनालीच्या वाट्याला नूतन नावाची मुलगी आली.

मोनाली म्हणजे छगनची थोरली. केळी-कपाशीचं बऱ्यापैकी शेत, घरात खाऊन-पिऊन सुखी माणसं. पण ही पोर वर्गात असून नसल्यासारखी. निबंध म्हटला की चार ओळी, प्रश्न विचारला की खाली मान. त्या पोरीने नूतनला पहिल्याच झटक्याला दोन पानं लिहिली. केळीच्या बागेत ठिबकची नळी फुटली की आम्ही खालीच आंघोळ करतो, असं काहीबाही. वाचताना सरांना हसू आवरेना. अगं, मग हे इतके दिवस कुठे ठेवलं होतंस बाई?

धुळ्याहून पाकीट आलं. पत्रं निघाली तेरा. मोनालीने रिकामं पाकीट मागून घेतलं, आत हात घालून तळापर्यंत चाचपलं आणि परत दिलं. श्रावणात तिने दुसरं पत्र लिहिलं, कानबाईच्या सणाचं आणि रोटांच्या नैवेद्याचं. पुन्हा तेराच उत्तरं. या खेपेला तिने पाकीटसुद्धा मागितलं नाही.

सरांनी मॅडमना फोन लावला.

"अहो सर, नूतन तर जूनमध्येच गेली की!" मॅडम म्हणाल्या. "वडिलांची नाशिकला बदली झाली. मी जुनीच यादी पाठवली बहुतेक. थांबा, दुसरी मुलगी देते."

देते म्हणाल्या आणि विसरल्या. त्यांच्या वर्गात सत्तर पोरं, त्यांना तरी काय बोल लावायचा? पण तिसरं पाकीट आलं त्या दिवशी सर ते वर्गात न नेता घरी घेऊन आले. संध्याकाळी खुर्चीत बसून डाव्या हाताने, वेडंवाकडं, त्यांनी लिहायला घेतलं : 'प्रिय मैत्रीण मोनाली, उशीर झाला, रागावू नकोस.'

त्यांची बायको मेघा चहा घेऊन आली. "हे काय चाललंय?"

"तेवढ्यापुरतं गं. नवी मैत्रीण मिळेपर्यंत."

"तुम्हाला ना, नसती उठाठेव करायची हौसच आहे," मेघा म्हणाली. "पोरीला सरळ सांगून टाका, ती मुलगी शाळा सोडून गेली म्हणून. दोन दिवस रडेल आणि विसरेल."

शहाणी बाई. पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी चौदा पत्रं वाटली गेली. मोनालीने आपलं पत्र बाकाखाली धरून वाचलं, मग दप्तरात घातलं, मग पुन्हा काढून वाचलं. मधल्या सुट्टीत ती पोरींत चक्क हसत होती. सरांना वाटलं, झालं ते चांगलंच झालं.

तिथून गाडी घसरली. मोनाली लिहायची, सर तिचं पत्र मोठ्या पाकिटातून हळूच काढून घ्यायचे, वाचायचे, शाळेच्या कपाटात हजेरीपटाखाली ठेवायचे आणि डाव्या हाताने उत्तर द्यायचे. मास्तर माणूस, बारा वर्षांच्या मुलीचं काय काय म्हणून रचणार? सुचेना तेव्हा स्वतःचंच घुसडायचे. नूतनला पतंगाची भीती वाटायची, कारण सरांचा लहानपणी मांज्याने कान कापला होता. नूतनला बिबड्या, म्हणजे ज्वारीचे वाळवलेले पापड, आवडायच्या, कच्च्या शेंगदाण्यांबरोबर, कारण सरांच्या डब्यात रोज त्याच असायच्या. इकडे मोनालीचं लिहिणं असं सुधारलं की तपासणीला आलेल्या साहेबांनी तिची वही वर धरून वर्गाला दाखवली. सरांच्या मनात आलं, पुढच्या गावच्या हायस्कूलला ही पोर नाव काढेल.

जानेवारीत सातवं पत्र आलं. ते पुरतं पाठ आहे सरांना.

'नूतन, ही गोष्ट तुला एकटीलाच सांगते. भडगावच्या मामीला जुळं झालं आहे. आखाजी झाली की मला तिकडे नेणार आहेत, पोरं सांभाळायला. आई म्हणते, एक वर्षाचाच प्रश्न आहे, मग शाळा आहेच. पण माझी मावसबहीण पण अशीच गेली होती. ती आली नाही. मी शाळेत कोणालाच सांगितलं नाही. सरांना पण नाही. तू पण कोणाला सांगू नको.'

सर कपाटाशी उभ्या उभ्या वाचत होते, ते तसेच स्टुलावर बसले. सरांना पण नाही! आणि वाचतंय कोण? आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प बसावं तर पोरीची शाळा जाते. बोलावं तर तिच्या बापाने विचारायचं, तुम्हाला कसं कळलं? मग सांगायचं काय? तुमच्या मुलीची मैत्रीण मीच आहे म्हणून?

चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर ते छगनच्या ओट्यावर जाऊन बसले. पाणी झालं, चहा झाला. सरांनी इकडचं तिकडचं बोलून गाडी पुढच्या शिक्षणावर आणली. मोनाली हुशार आहे, हायस्कूल सहा किलोमीटर, मुलींना बस आहे, मध्ये खंड पडला की पोरींचं शिक्षण सुटतं.

छगनने कप खाली ठेवला. "खंड कसाले पडी, सर? तुमले कोनी काही सांगं का?"

आत भांड्यांचा आवाज होता, तो थांबला. तिथे मोनाली होती.

"नाही नाही, सहज," सर म्हणाले. "सातवीच्या सगळ्याच पालकांना सांगत फिरतोय." आणि ते उठले. ज्या माणसाला साहेबासमोर खोटं बोलता येत नव्हतं, त्याला छगनसमोर ते सहज जमलं. गाडीवर बसल्यावर त्यांनी स्वतःला फार शिव्या दिल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी नूतनचं शेवटचं पत्र लिहिलं. बाबांची बदली झाली, आम्ही नाशिकला चाललो, आता पत्र येणार नाही. ते पत्र त्यांनी तीनदा शाळेत नेलं आणि तीनदा खिशातच परत आणलं. पोरीने एकच माणूस धरला होता, आणि तोही आता गावाला पाठवून द्यायचा? मन धजेना त्यांचं.

आणि फेब्रुवारी उजाडलाच. सरांनी आदल्या दिवशी सुलक्षणा मॅडमना फोन करून विनवलं, नूतन लग्नाला गेली आहे एवढंच सांगा. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "बरं सर, तुमच्या पोरीसाठी एवढं करू." पण वर्गातल्या सत्तर पोरांना कोण पढवणार?

लहानशी ट्रॅव्हलर गाडी सकाळीच निघाली. पारोळ्याला थांबून पोरांनी भजी खाल्ली. मोनालीच्या मांडीवर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता, तो तिने भजी खातानाही खाली ठेवला नाही. आत बिबड्या होत्या, गेल्या उन्हाळ्यातल्या, आईच्या मागे लागून मागून घेतलेल्या. शेंगदाण्यांची वेगळी पुडी.

धुळ्याच्या शाळेत औक्षण झालं, गुलाबाची फुलं झाली. नावं पुकारून जोड्या लावल्या. तेरा पोरं तेरा पोरांचे हात धरून वर्ग बघायला पळाली. मोनाली डबा घेऊन उभी. मॅडम म्हणाल्या, "अगं, नूतन ना, लग्नाला गेलीय."

तेवढ्यात मागून एक रिबिनवाली चिमुरडी बोललीच. "मॅडम, नूतन आता कुठे आहे? ती तर नाशिकला गेली ना, सातवी सुरू व्हायच्या आधीच!"

मॅडमनी तिला डोळे वटारले, पण तोंडातून सुटलेला शब्द परत येतो होय? गडबडीत मॅडमनी टेबलाचा खण उघडला आणि घडी घातलेले दोन कागद मोनालीच्या हातात दिले. "तुझी पहिली दोन पत्रं आहेत बघ बाळा, जपून ठेवली होती. पुढची काही आली नाहीत." बिचाऱ्या मॅडमना वाटलं, त्या चांगलंच करताहेत.

मोनालीने ती दोन पत्रं उलटसुलट करून पाहिली. मग मान वर करून सरांकडे पाहिलं. सर मैदानावरचा झेंड्याचा खांब बघत होते.

दिवसभर ती सगळ्यांबरोबर फिरली. प्रयोगशाळा पाहिली, जेवली, फोटोत उभी राहिली. तो फोटो ग्रुपवर आहे आणि त्याखाली साहेबांचा अंगठा आहे.

परतीला पोरं गाणी म्हणून दमली. ऊन कलत होतं. एरंडोल मागे पडल्यावर मोनाली उठून पुढे आली आणि सरांच्या शेजारी बसली. तिने डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"घ्या सर. तुमले आवडतस ना."

सरांनी डबा धरला. दुसरं काय करणार?

ती म्हणाली, "मंग भडगावची गोष्ट बी तुमले माहीत व्हती."

"मी आलो होतो बेटा तुझ्या घरी. वडिलांशी बोललो..."

"माहीत शे. तुम्ही गया ना, तवय बाबांनी माले विचारं, सरले कोनी सांगं? घरनी गोष्ट बाहेर कशी गई? मी देवनी शपथ खाधी, का मी गावमा कोनले सांगं नही." ती रडत नव्हती. हिशोब मांडावा तसं एकेक बोलत होती. "खरीच शपथ व्हती. गावमा कोनलेच सांगेल नव्हतं."

आणि उठून आपल्या जागेवर जाऊन बसली. सर जळगाव येईपर्यंत तो डबा धरून होते. रात्री मेघाने डबा उघडला, म्हणाली, "अगंबाई, किती छान झाल्यात! कोणी दिल्या?" सर आंघोळीला निघून गेले.

परीक्षा झाली. मोनालीने मराठीच्या पेपरात निबंधाला चार ओळी लिहिल्या.

अक्षय्य तृतीया, म्हणजे खानदेशची आखाजी, झाली. लिंबाला बांधलेले झोके सुटले आणि तिसऱ्या दिवशी छगन दाखला न्यायला आला. मोनाली मागे, दाराशी. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून सरांनी सगळा धीर गोळा केला. "छगनभाऊ, हिला नका नेऊ. हवं तर मी रोज माझ्या गाडीवर हायस्कूलला सोडतो. एक वर्ष गेलं की पोर हातची जाते, मी एकवीस वर्षं हेच बघतोय."

छगन वाईट माणूस नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "सर, तुमनं खरं शे. पन शालकानी बायको आजून खाटलावर शे, घरमा दोन तान्हा पोरं. तिकडे कोन जाई? तुम्ही सांगा, मी कोनले धाडू?"

तुमच्याकडे आहे याचं उत्तर? माझ्याकडे तरी नाही. सरांनी दाखला लिहिला. उजव्या हाताने, सुवाच्य. वर्तणूक : उत्तम. शाळा सोडण्याचे कारण : सातवी उत्तीर्ण.

मोनाली रीतीप्रमाणे पाया पडली. तेव्हा सरांनी कपाट उघडलं, हजेरीपटाखालची पाच पत्रं काढली आणि तिच्यापुढे धरली. काहीतरी बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण बाप समोर उभा.

मोनालीने पत्रं ओळखली. हात पुढे केला नाही.

"ह्या मी नूतनले लिखेल शेतस, सर," ती म्हणाली. "तिलेच द्या."

बापाच्या मागोमाग ती फाटकातून बाहेर पडली. पत्रं अजून त्याच कपाटात आहेत. या जूनला नवी सातवी आली, वरून पुन्हा आदेश आला, आणि धुळ्याहून चौदा नावांची नवी यादी आली. सरांनी ती अजून वर्गात वाचलेली नाही.