थांबलेल्यांचा रकाना

“एकदा पार करून येते, मग बसते.”

कुठल्याही शहरात गेलो तरी बाईंचं काम या वाक्यानं सुरू व्हायचं. घडीचं स्टूल आणि पाण्याची बाटली माझ्या हातात द्यायची, पदर खोचायचा, साडीवर घातलेल्या पुरुषी फुलशर्टाच्या बाह्या सारख्या करायच्या आणि रस्ता ओलांडून पलीकडे जायचं. तिथून तसंच परत. मग स्टूल उघडून बसायचं ते थेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत. तुम्हीही चौकात असं कुणी बसलेलं पाहिलं असेल. मांडीवर पुठ्ठा, हातात पेन्सिल, समोरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनामागे आणि रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. पूल कुठे, सिग्नल कुठे, दुभाजक कुठे, हे त्या रेघांवरून ठरतं, असं आम्ही तरी समजतो.

मी रस्त्यांचे अहवाल तयार करणाऱ्या एका लहानशा कचेरीत आहे. बाई आमच्याकडे मोजणीला होत्या. त्याआधी चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या, तो बंद पडला म्हणून इकडे आल्या. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठ्या, तरी मला सर म्हणत. मोजणीत मात्र सरांची पत्रास ठेवत नसत. मी मध्येच काही विचारलं तर पेन्सिल न थांबवता डावा हात वर करत. तो खाली येईपर्यंत आपण गप्प उभं राहायचं.

एका वर्षी राज्यातल्या पाच शहरांतल्या मोठ्या रस्त्यांची तुलना करायचं काम आलं. आम्ही रुंदी मोजायचो, मार्गिका मोजायचो, वाहनांचा वेग टिपायचो. बाईंचं माप एकच होतं, ते म्हणजे स्वतःचे पाय. नागपूरच्या रुंद रस्त्याला त्यांनी चांगला म्हटलं, पण तो दोन दमात पार होतो असा शेरा मारला. नाशिकला हायवे डोक्यावरून गेल्यामुळे खाली सावली मिळते, यावर त्या खूश होत्या. उलट्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांनी मात्र त्यांना दोनदा मागे पळवलं. सोलापुरात ट्रकवाला थांबतो आणि मोटरसायकलवाला थांबत नाही, हे त्यांचं निरीक्षण मी चोरून अहवालात घातलं. कोल्हापूरच्या जुन्या गल्ल्यांत कुणीच थांबत नाही आणि कुणी अडकतही नाही, हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

तिथेच एक गंमत झाली. फुलशर्ट, टोपी आणि पुठ्ठा पाहून लोकांना वाटलं, या दंडाची नोंद करतायत. आरशाला अडकवलेली हेल्मेटं त्यांच्या अलीकडे वीस पावलांवर डोक्यावर चढायला लागली आणि पुढे गेल्यावर उतरायला लागली. बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी शेंगा सोलताना म्हणाल्या की इथली माणसं भितात, म्हणजे बरी आहेत.

आमच्या तक्त्यात आमच्याच संभाजीनगरचा जालना रोड वरच्या नंबरात आला. रुंदी आहे, पूल आहेत, वेग आहे. बाईंच्या यादीत तो शेवटचा होता. गावचा अभिमान वगैरे त्यांच्या पायांना ठाऊक नव्हता. मी चिडवलं की मग पहिला कुठला, आपली गुलमंडीची बाजारपेठ का? तर म्हणाल्या, “गुलमंडीत कुठं पार करायचंय? तिथं रस्ताच आपल्याला पार करून जातो.”

नाशिकमध्येच त्यांच्या कागदाच्या कडेला मला पेन्सिलीनं आखलेला एक जास्तीचा रकाना दिसला होता. वर लिहिलं होतं, ‘थांबलेले’. हे काय म्हणून विचारलं.

“पार झाले त्यांची रेघ हाय. उभं राहून राहून जे माघारी गेले, त्यांची कुठंय?”

आपल्या तक्त्यात तसा रकाना नाही, असं मी सांगितलं.

“म्हणून तर आखला.”

मी हसलो. कचेरीत आल्यावर आकडे भरताना तो रकाना सोडून दिला. नमुन्यात जागा नव्हती आणि कुणी विचारणारही नव्हतं. पाचही शहरांत त्या थांबलेल्यांच्या रेघा मारत होत्या आणि पाचही शहरांत मी त्या सोडत होतो.

मग त्यांच्या घरासमोरची मोजणी आली. चिकलठाण्याला जालना रोडच्या एका बाजूला बाईंची गल्ली, दुसऱ्या बाजूला शाळा आणि पिठाची गिरणी. मध्ये दुभाजकात एक फट होती. ती ठेवायची की बुजवायची, एवढाच प्रश्न होता. तुमचंच घर आहे, दुसऱ्या कुणाला बसवू का, असं मी म्हटलं, पण त्या ऐकेनात. गल्लीतल्या बायका येऊन सांगून गेल्या की चार रेघा जास्त मार, तुझ्या हातात आहे. बाईंनी एकही जास्त मारली नाही. वाहनांच्या त्या लोंढ्यातून पार झालेली माणसं थोडी होती, तेवढीच लिहिली. बाकीची थांबलेल्यांत गेली. त्या रकान्यात शेवटी रेघ मारायला जागा उरली नव्हती.

आणि मी तो रकाना सवयीनं सोडला.

फट एका सकाळी बुजली. कारण अहवालात स्पष्ट होतं, इथे पायी ओलांडणारे फारसे नाहीत. पीठ आणायला आता पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन उलटं यायचं. बायकांनी बाईंशी बोलणं टाकलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. हे त्यांनी मला शेंगा खाताखाता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, “सर, थांबलेल्यांचं आपण काय लिवलं व्हतं?”

खोटं बोलायला वाव होता. पण त्या बाईसमोर ते जमेना. मी खरं ते सांगितलं. हातातली शेंग त्यांनी फोडली नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेंग पुडीत परत टाकून म्हणाल्या, “मग आता टाका.”

पुढचे तीन दिवस त्या सुट्टी टाकून, बिनपगारी, बुजलेल्या फटीसमोर स्टूल मांडून बसल्या. पहिल्या दिवशी बायका लांबून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी गिरणीला जाणारी एक म्हातारी स्वतःच त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली आणि माझी मारली का रेघ, म्हणून विचारू लागली. तो कागद मी नव्या टिपणाला जोडला आणि स्वतः रस्ते खात्यात घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, हा कसला रकाना? मी बाईंचंच वाक्य सांगितलं, पार झाले त्यांची रेघ आहे, माघारी गेले त्यांची कुठे आहे. त्यांनी कागद ठेवून घेतला.

वर्षभरानं तिथे फट परत आली, पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलसकट. त्यात बाईंच्या कागदाचा वाटा किती, मला सांगता येणार नाही. तोवर गुडघे गेल्यामुळे त्या सोयगावला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. स्टूल कचेरीतच ठेवून गेल्या. मी सिग्नलचा फोटो पाठवला. लगेच फोन आला. आनंद वगैरे काही नाही, थेट सवाल.

“हिरवा किती येळ राहतो?”

वीसेक सेकंद असेल, म्हणालो.

“तुम्ही पार करून बघितलं?”

मी नाही म्हणालो.

“गिरणीवाल्या म्हातारीला पुरतंय का बघा. नसंल पुरत तर तिला थांबलेल्यांतच धरा.”

बघतो म्हणालो. बघितलं नाही. काम होतं, असं म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर विसरलो. चार महिन्यांनी त्यांच्या लेकीचा फोन आला, तो बाई गेल्याचा.

सोयगावहून त्यांच्या लेकीला भेटून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीतलं स्टूल घेऊन मी चिकलठाण्याला गेलो. हिरवा लागल्यावर आधी एकदा पार करून आलो. माझे पाय वेळेत पोचले. मग बसलो. अकराच्या सुमाराला म्हातारी आली, कमरेवर पिठाचा डबा. हिरवा लागला तशी निघाली. ती दुभाजकापाशी पोचते न पोचते तोच दिवा लाल झाला आणि दोन्हीकडून गाड्या सुटल्या. ती मधल्या त्या हातभर जागेत डबा धरून उभी राहिली.

माझ्या कागदावर तेवढा एकच रकाना आखलेला होता. मी त्यात पहिली रेघ मारली.