नंबर मिळाला, पण ऑर्डर नाही

बुटीबोरीच्या पाइप कारखान्यात लागलो तेव्हा माझ्याकडे पहिलंच काम आलं ते ऑर्डरींचं. काटोल, इतवारीचे व्यापारी ऑर्डरी मेलवर पाठवत आणि डिस्पॅचमधल्या ताई त्या कंपनीच्या मोठ्या सिस्टीममध्ये एकेक करून टाइप करत. त्यांचं टायपिंग वाचवायचं होतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरून सिस्टीममधलं ऑर्डर बनवायचं फंक्शन बाहेरून चालवता येत होतं. मी प्रोग्राम लिहिला, चालवला आणि सिस्टीमने ऑर्डर नंबर दिला. मी लगेच तो ताईंना फोनवर सांगितला.

थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. त्या नंबरची ऑर्डरच नव्हती.

पुन्हा चालवलं. नवा नंबर आला, तोही सापडेना. ताईंना वाटलं, आपणच आकडे चुकीचे ऐकतोय. त्यांनी चष्मा पुसला, लॉगआउट करून पाहिलं आणि शेवटी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. माझ्या स्क्रीनवर ‘ऑर्डर तयार झाली’, त्यांच्या स्क्रीनवर ‘अशी ऑर्डर नाही’.

“भाऊ, तुम्ही नंबर देऊन राहिले अन् मले काहीच दिसून नाही राहिलं. यातलं खरं कोणतं?”

एरर आली असती तर निदान कुठे शोधायचं ते कळलं असतं.

दुपारी फंक्शनची माहिती नीट वाचली. ते ऑर्डरला नंबर देतं, पण ती नुसती मांडून ठेवतं. ती कायम करायला वेगळं फंक्शन चालवावं लागतं. तेही चालवलं. तरी ऑर्डर नाहीच. आता मात्र डोकंच चालेना. आपलाच कोड वरून खाली वाचत गेलो तेव्हा दिसलं, की प्रत्येक फंक्शनसाठी मी नवं कनेक्शन उघडत होतो. ऑर्डर मांडली जात होती एका कनेक्शनवर आणि ‘कायम कर’ मी सांगत होतो दुसऱ्यावर, जिथे काही मांडलेलंच नव्हतं. दोन्ही कामं एकाच कनेक्शनवर आणली.

ताईंनी नवा नंबर टाकला. “दिसली,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “मंग ते आधीचे नंबर कोणाचे?”

कोणाचेच नाहीत, वाया गेले, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. नंबर निघाला म्हणजे ऑर्डर कुठेतरी असणारच, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मीही ते जुने नंबर एकदा टाकून पाहिले.