फोटोतला हात शुक्राचा

गंजाडच्या शुक्राला कोणीही विचारावं, "काय शुक्रा, बरा आहेस ना?" की तो म्हणणार, "माझं सोडा, माझा हात मुंबईच्या मोठ्या लोकांच्या भिंतीवर आहे." आणि मेली पंचाईत अशी की हे खरं होतं! खोटं असतं तर गावाने कधीच त्याचं तोंड बंद केलं असतं.

या सगळ्याच्या मुळाशी होता रघ्या. भोपळ्याचा आणि बांबूचा तो लांब तारपा रघ्याने तोंडाला लावला की म्हाताऱ्यांचेही पाय थांबत नसत. दिल्लीपर्यंत नाव गेलेलं, परदेशातही वाजवून आलेला. शुक्रा त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. नाचात घुंगरांची काठी जमिनीवर आपटत जो सगळ्यांच्या पुढे असतो आणि ज्याच्या मागे अख्खी रांग वळते, तो शुक्रा. पण रघ्या परदेशी निघाला तेव्हा रांगेतली तरुण पोरं विमानात बसली आणि शुक्रा त्यांना आशागडपर्यंत पोचवून परत आला. "मला विमान लागतं," असं तो सांगे. कशावरून लागतं, हे विचारायची सोय नव्हती.

भातकापणीनंतरच्या अशाच एका नाचाला मुंबईहून वर्षाताई आल्या, कॅमेरा घेऊन. त्यांनी काढलेला तो फोटो पुढे गाजला. काळापांढरा. रघ्याचे गाल फुगलेले, तारपा तोंडात, आणि डोळे बाजूला वळून कोणाला तरी हसतायत. उजव्या कडेला काठी धरलेला एक हात, कोपरापर्यंत. त्यापुढे माणूस नाही, फोटोच संपतो. तो हात शुक्राचा. रघ्या हसत होता तोही शुक्रालाच, कारण गावाला नाच शिकवणाऱ्या शुक्राचाच पाय नेमका तेव्हा चुकला होता आणि मागची रांग धडाधड एकमेकांवर आदळली होती. मुंबईचे लोक म्हणे त्या डोळ्यांपुढे तासन्‌तास उभे राहत. "मी आपटलो म्हणून ते डोळे तसे आले," शुक्रा म्हणायचा. "नीट नाचलो असतो तर कोण कुत्रं विचारत होतं!"

ताईंनी या फोटोच्या पंधराच प्रती काढल्या. प्रत्येक प्रतीवर खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर आणि सही. सोळावी कधीच निघणार नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा शुक्राला काही ते झेपेना. मशीन आहे, कागद आहे, मग थांबायचं कशाला? लग्नाच्या पत्रिकासुद्धा याहून जास्त छापतात! पण आपला हात एवढा दुर्मिळ आहे हे कळल्यावर त्याने त्या हाताने शेण उचलायचं बंद केलं. "मग भाकर तरी कशाला मोडतोस त्याने?" त्याची बायको जानी म्हणाली.

या उन्हाळ्यात रघ्या तापाने गेला. साधा ताप, आणि माणूस गेला. शुक्राचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं.

वर्षाताई भेटायला आल्या आणि त्यांनी नवव्या नंबरची प्रत रघ्याच्या बायकोला, लाडकीला दिली. लाडकीने ती शुक्राकडे सोपवली. "डहाणूला जाऊन फ्रेम करून आण, भाऊ. दिवसकार्याला हार घालून भिंतीवर लावू." शुक्राला गलबलून आलं. विमानात नाही, स्टेजवर नाही, निदान रघ्याच्या घरच्या भिंतीवर तरी आपण त्याच्या शेजारी राहू. चेहरा नसला तर नसला. त्याला एवढंच हवं होतं.

डहाणूच्या बाजारात दिपकशेठचं फ्रेमचं दुकान. शेठने कागद उलगडला. "हार घालायचा फोटो काय, काका?"

"हो. माझा दोस्त. आणि हा हात बघितलास? हा माझा!" गप्प बसेल तो शुक्रा कसला. त्याने हात काचेच्या टेबलावर फोटोशेजारी ठेवून दाखवला, बोटं जुळवून दाखवली, पाय कसा चुकला तेही दुकानात नाचून दाखवलं आणि खूश होऊन चहा प्यायला गेला.

परत येतो तर फ्रेम तयार. काच लखलखीत, वर चंदनाचा हार. रघ्या मधोमध. हात गायब.

"शेठ! माझा हात?"

"कापला ना!" दिपकशेठ शांतपणे म्हणाला. "तुम्हीच बोलला, हात तुमचा. जिवंत माणसाला हाराखाली ठेवायचं का? अपशकुन! असा फोटो आला की माझा एकच नियम. जे हयात, ते काढायचे. तुम्ही बोलला नसता ना काका, तर मी समजलो असतो काठीवाला पण वारला. ठेवला असता."

म्हणजे तोंड मिटलं असतं तर हात राहिला असता! शुक्राने कपाळाला हात लावला, तोच तो, मुंबईत भिंतीवर असलेला. शेठने कापलेली पट्टी रबर लावून त्याच्या खिशात खोचली. ताईंची सही आणि नंबर त्या पट्टीवरच होते. शुक्राने तिथूनच ताईंना फोन करून सांगितलं. ताई म्हणाल्या, "म्हणजे आता चौदाच."

रिक्षात गंजाडपर्यंत त्याने तीन थापा रचल्या. लाडकीसमोर उभा राहिल्यावर एकही आठवेना. "वहिनी, मी मरायला हवा होतो," तो म्हणाला, "म्हणजे फोटोत राहिलो असतो." आणि सगळं सांगून टाकलं.

लाडकी हसली नाही, रागावलीही नाही. तिने पट्टी सरळ केली आणि फ्रेमच्या काचेला कडेला लावून बघितली. रघ्या पुन्हा त्या हाताकडे बघून हसायला लागला.

"बरोबर केलं त्या शेठने," ती म्हणाली. "एक गेला तेवढा पुरे. ही पट्टी जानीकडे ठेवायला दे. तू गेलास की फ्रेम उघडू आणि तुला त्याच्या बाजूला चिकटवू. दोघांना मिळून एकच हार."

शुक्रा दारातच खाली बसला आणि ढसाढसा रडला. रघ्या गेला तेव्हाही एवढा रडला नव्हता. मग नाक पुसून त्याने विचारलं, "वहिनी, घाई नाही ना?"

"नाही रे भाऊ," लाडकी म्हणाली. "तो आता कुठे जातोय? थांबेल."