बाळंतिणीची कळशी

"ह्या पाणी नाय रे, सोलकढी आसा!" बाटली उन्हासमोर धरून, एक डोळा मिटून काकी असं म्हणाली की आमचा ट्रेकिंगचा ग्रुप कपाळावर हात मारायचा. आता दगड शोधा, चूल मांडा आणि काकीचा टोप उकळेपर्यंत बसून राहा.

तुमच्याही ग्रुपात असेल अशी एखादी काकी. आमची ही कट्टा गावची. बँकेतून निवृत्त झालेली, चढावर सगळ्यांच्या मागे आणि बोलण्यात सगळ्यांच्या पुढे. पाणी उकळायचं तिला वेडच होतं. एकदा सावंतवाडीत विकत घेतलेली सीलबंद बाटलीसुद्धा तिने टोपात ओतली. मी हसलो, तर म्हणाली, "बाटलेर कोणय कायय लिवतलो. उकळी माका डोळ्यांनी दिसता."

तिच्या या उकळीला कंटाळूनच पाण्याचा प्रश्न ग्रुपवर मतदानाला निघाला. क्लोरीनच्या गोळ्यांना वास येतो, शिवाय गोळी टाकून थांबायला लागतं, आणि आमच्यात थांबायला कुणी तयार नाही. निवडून आला तो सरांचा पंपवाला फिल्टर. सर म्हणजे आमचे म्होरके, कणकवलीला कॉलेजात शिकवतात. नळी झऱ्यात सोडायची, पंप मारायचा, बाटलीत स्वच्छ पाणी. काकीने निकाल ऐकला आणि म्हणाली, "बरा. पंप तुमचो, टोप माझो."

पुढच्याच ट्रेकला घाटाच्या पायथ्याशी एका व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सरांनी नळी सोडली. वर गुरं चरत होती, पाणी तांबूस होतं, पण फिल्टरने काम चोख केलं. सर खूश. तिथून आम्ही वाडीतल्या शेवटच्या घराच्या अंगणात, खळ्यात टेकलो. घरातल्या बाईने गुळाची बशी आणि पाण्याची कळशी आणून ठेवली. आपल्याकडे आल्यागेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत, हे सरांना काय ठाऊक नव्हतं? त्यांनी बशीकडे पाहिलंही नाही. मघाचीच ओली नळी काढली, त्या बाईच्या देखत तिच्या कळशीत बुडवली आणि पंप मारायला लागले.

बाईचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "उकळलेलाच आसा ता. लेक बाळंत झाली हा, तिच्यासाठी केललंय. तुमका विहिरीचा सोसाचा नाय म्हणान ह्याच दिलंय."

मागून धापा टाकत पोचलेल्या काकीने तेवढंच ऐकलं आणि पेटली.

"व्हाळातली नळी बाळंतिणीच्या कळशेत बुडवलंस?"

"काकी, फिल्टरमधून पाणी शुद्ध होऊनच येतं," सर म्हणाले.

"तुज्या बाटलेत शुद्ध येता. तिच्या कळशेत काय ऱ्हवला?"

सरांनी घड्याळ पाहिलं. काकीने कळशी जास्वंदीच्या मुळाशी रिकामी केली आणि विहिरीची वाट विचारली. "ऱ्हवांदे ओ, खंय इतक्या खाली जातास?" बाई विनवत होती. काकी ऐकेना. तेव्हा सर सगळ्यांना म्हणाले, "चला, नाहीतर माथ्यावर पोचायला उशीर होईल." आणि गेले! एकजात सगळे उठून गेले. एका बाळंतिणीचं पाणी नासवून ही माणसं माथ्यावर फोटो काढायला गेली.

मी थांबलो. पाणी मी ओढलं, काकीने कळशी आधी आधणाने विसळून घेतली, मग टोपामागून टोप उकळून भरली. चुलीपाशी बसून तिने त्या माणसांची सगळी चौकशी केली आणि आपलं घरही सांगितलं. बाळाला मांडीवर घेऊन "नाक आज्याचा घेतल्यान," असं जाहीरही केलं. आजोबा पडवीत लाजले. निघताना आम्ही दोघांनी गूळ खाल्ला.

परतीच्या गाडीत काकीशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला ग्रुपमधून काढून टाकलं. एक शब्द न लिहिता. मी संतापून विचारलं, त्या बाळंतिणीला काही झालं असतं तर? उत्तरादाखल दोन अंगठे आले, आणि त्याखाली कुणीतरी माथ्यावरचे फोटो टाकले.

पुढच्या आठवड्यात काकीशी बोलून जीव हलका करावा म्हणून कट्ट्याला गेलो. दाराला कुलूप. शेजारीण अंगण झाडत होती.

"काकी बारशाक गेली, घाटाकडच्या वाडयेत," ती म्हणाली. "बाळाचो आजो स्वतः येवन बोलावन गेलो. तुमच्या सगळ्या ग्रुपाक आमंत्रण होता. ती दोन दिवस तुमच्या ग्रुपार लिवक बघी होती, पण मेसेज जायना म्हणाली. तिचो फोन बिघाडलो काय, इली की जरा बघशात?"